असीच्या अलीकडचं गरम पाणी

पाण्याला वास नव्हता, तिथून माझा संशय सुरू झाला.

माझं माहेर दापोलीकडचं. तिकडे उन्हवऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत आणि लग्नाआधी मी तिथे पाच-सहा वेळा तरी अंघोळ केलेली आहे. त्या पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. टॉवेल दोनदा धुतला तरी जात नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतले गार्डसाहेब वीस लिटरचा पांढरा कॅन खांद्यावर घेऊन पहिल्यांदा आमचा जिना चढून आले आणि "अम्मा के लिए कुंड का पानी" म्हणाले, तेव्हा मी आधी झाकण उघडून नाक लावलं. काही नाही. आमच्या नळाच्या पाण्याला येतो तेवढासुद्धा वास नाही.

"कुठल्या कुंडाचं?"

"सोनभद्र के उस पार, हमारी ससुराल के पास. ज़मीन से खौलता हुआ निकलता है. पोटली में चावल बाँधकर डाल दीजिए, भात तैयार."

"आणि पैसे किती?"

त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "अम्मा से पैसा?"

झालं, संशय दुप्पट. मी बँकेत आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळण्यात गेली आहेत. फुकट देणारा माणूस काय मागणार आहे ते फक्त अजून सांगत नाही, एवढंच मला कळतं.

गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. बनारसच्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीतच वाढलेले, त्यामुळे मराठी सगळं समजतं, बोलतात हिंदी. आणि अम्मा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. वय शहात्तर. साखर वीस वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या पायांना सतत मुंग्या यायच्या. आधी मंगला गौरीवरून पंचगंगा घाटावर रोज उतरणारी बाई, ती गच्चीपर्यंत जाईनाशी झाली. खालची गल्लीकडची खोली त्यांच्या नावावर आहे. तिथे त्यांच्या शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि एक मोडका पलंग आहे. आमच्या गल्लीत हल्ली ज्याच्याकडे रिकामी खोली आहे तो तिला पांढरा रंग देऊन पाहुणे ठेवतो. तेव्हा गार्डसाहेबांचं लक्ष कशावर असणार, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "हा माणूस बोअरवेलचं पाणी भरून आणतोय आणि खोलीवर डोळा ठेवून आहे."

नवरा इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तो म्हणाला, "तुझ्या मते दूधवाला, इस्त्रीवाला आणि माझे प्रिन्सिपल यांचाही खोलीवर डोळा आहे."

"प्रिन्सिपलचा नाही. त्यांना दिसत कमी."

एक गोष्ट सांगायची राहिली. आत्यांना गाडीत घालून सरळ कुंडावर का नेलं नाही, असं कोणीही विचारेल. त्यांनी अकरा वर्षांपूर्वी क्षेत्रसंन्यास घेतलेला आहे. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. पंचगंगेच्या पाण्यात उभं राहून त्यांनी तसा संकल्प सोडला: उत्तरेला वरुणा, दक्षिणेला असी, या दोन प्रवाहांच्या मध्येच राहीन. त्यानंतर त्या माझ्या मुलीच्या लग्नाला पुण्याला आल्या नाहीत. मुलीने व्हिडिओवर अक्षता टाकून घेतल्या. मला हे सगळं पटतं असं नाही, पण माझ्या पटण्याचा प्रश्न नव्हता. आत्या जाऊ शकत नव्हत्या म्हणून पाणी येत होतं.

दर पंधरा दिवसांनी दोन कॅन यायचे. इथे पोचेपर्यंत पाणी गार झालेलं असायचं, म्हणून रोज सकाळी बँकेत जायच्या आधी मी ते दोन पातेल्यांत तापवायची. आत्या अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून स्टुलावर बसायच्या आणि टबात पाय सोडायच्या. ते पाणी त्यांच्या लेखी तीर्थ. सोवळ्यातल्या पाण्यात माझा ऑफिसच्या कपड्यांतला हात पडलेला चालायचा नाही. मी पातेलं फडक्याने धरून वरूनच ओतायची आणि विचारायची, "झालं का गरम?"

"कोमटच आहे गं. तिथे म्हणे भात शिजतो."

मग मी दुसरं पातेलं ओतायची. डिसेंबर-जानेवारीत बनारसमध्ये सकाळी कशालाही वाफा दिसतात, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडालासुद्धा. मी घड्याळ बघत उभी असायची.

पहिला महिना आत्या खूश होत्या. मुंग्या कमी झाल्या म्हणाल्या. मला वाटलं, असेल मनाचा खेळ. जानेवारीच्या शेवटी उजव्या पायाच्या करंगळीशेजारी फोड आला. मग तळव्यावर एक. गार्डसाहेब बघायला आले आणि म्हणाले, "अंदर का दोष बाहर आ रहा है, अच्छा लक्षण है." मी त्यांना चहाही विचारला नाही. पाणी त्याच दिवशी बंद केलं. आठ दिवसांत फोड फुटून जखम झाली आणि जखम काळी पडायला लागली.

कबीरचौऱ्याच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बराच वेळ बघितला. औषधं दिली आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, हाडापर्यंत गेलंय का ते बघायला हवं, रक्त पायात पोचतंय का ते बघायला हवं, आणि ते सगळं असीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलातच होईल. आठवडा, फार तर दहा दिवस. त्यानंतर बोटांवर भागणार नाही, पाय जाईल.

मी आत येऊन आत्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्यापासून लपवाछपवी करण्यात अर्थ नसतो. आयुष्यभर कॉपी पकडलेली बाई आहे.

"असीपलीकडे मी जाणार नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने ओळखीच्या शास्त्रीबुवांना घरी आणलं. शास्त्रीबुवा म्हणाले, क्षेत्राची हद्द पंचक्रोशीपर्यंतही धरतात, त्या हिशेबाने हॉस्पिटल आतच येतं, काही बाधा नाही. आत्यांनी त्यांना दक्षिणा दिली, नमस्कार केला, आणि ते जिना उतरेपर्यंत थांबून म्हणाल्या, "पंचक्रोशी असेल त्यांची. मी संकल्पात असी म्हटलंय. मी काय म्हटलं ते मला ठाऊक आहे."

"आणि पाय?"

"पायाचं प्रारब्ध. जे भोगायचं ते इथे भोगून संपवायचं, त्यासाठीच तर राहिले ना मी इथे?"

"प्रारब्ध कसलं आत्या? त्या पाण्यात घाण आहे. कुठल्या तरी गटाराशेजारच्या बोअरचं पाणी आणून तुमच्या पायांवर घातलंय त्या माणसाने."

"तू सिद्ध कर," आत्या म्हणाल्या. "पाण्यात खोट निघाली तर तो माणसाचा गुन्हा. मग मी विचार करीन. पाणी खरं असेल, तर मग माझंच कर्म."

त्यांच्या डोक्यात हे असं सरळ होतं. माझ्या हातात आठवडा होता. मी गार्डसाहेबांच्या दारात गेले आणि म्हटलं, रविवारी मला तुमचं कुंड बघायचंय.

मला वाटलं होतं ते टाळाटाळ करतील, सासुरवाडीत लग्न आहे, रस्ता खराब आहे, असं काहीतरी काढतील. ते इतके खूश झाले की माझी खात्रीच पटली, तिथे आधीच कोणाला तरी फोन गेलेला असणार.

पहाटे साडेतीनला मैदागिनहून भाड्याची गाडी केली. नवऱ्याला परीक्षेचे पेपर होते. त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं काचेचं थर्मामीटर लाकडी पेटीत घालून दिलं. "फोडू नकोस, रजिस्टरात आहे." मी पिशवीत थर्मामीटर, चार रिकाम्या बाटल्या, पोळ्या आणि लोणचं घेतलं. गार्डसाहेब दोन कॅन घेऊन पुढच्या सीटवर बसले आणि गंगेचा पूल ओलांडायच्या आत झोपले.

रॉबर्ट्सगंजच्या पुढे उजाडलं. घाटात कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती, रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळी. रेणुकूट गेलं, मग जंगल, मग पुन्हा भाताची कापलेली शेतं. गार्डसाहेब जागे झाले तशी मी विचारपूस सुरू केली.

"इतक्या लांबून दर पंधरा दिवसांनी तुम्ही कॅन कसे आणता?"

"बस से. कंडक्टर पहचान का है."

"आणि कशासाठी? खरं सांगा."

"देखिए, घर में पत्नी है और बहू है. दोनों सही हैं. दोनों मुझसे पूछती हैं कि सही कौन है. पंद्रह दिन में एक बार आदमी को कहीं जाना पड़ता है. ससुराल जाऊँ तो पत्नी खुश. अम्मा का पानी लाऊँ तो मोहल्ले में इज़्ज़त."

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही. एवढं व्यवस्थित उत्तर तयार असलेल्या माणसावर मी कर्जसुद्धा मंजूर करत नाही.

"आणि आत्यांची खालची खोली?"

"हाँ," ते लगेच म्हणाले, "वो भी पूछना था. मेरी स्कूटर बाहर खड़ी-खड़ी सड़ रही है. बंदर सीट फाड़ देते हैं. अम्मा कहें तो उसमें रख लूँ?"

म्हणजे खोलीवर डोळा होता. फक्त स्कूटरपुरता. मला बरोबर ठरल्याचं समाधान होईना, आणि चूक ठरल्याचं मान्य करायचीही तयारी नव्हती.

दहाच्या सुमाराला पोचलो. मी मनात उन्हवरं धरून गेले होते, तसं काही नव्हतं. उघड्या माळावर आठ-दहा ठिकाणी जमिनीतून वाफ निघत होती, आजूबाजूला पांढरट पिवळी माती, आणि वास. गाडीचं दार उघडल्याबरोबर तो उकडलेल्या अंड्याचा वास. मी गार्डसाहेबांकडे वळून म्हटलं, "हा वास तुमच्या कॅनला का येत नाही?"

त्यांनी खांदे उडवले. शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाल्याने मधेच तोंड घातलं. "मॅडम, बोतल भरके ले जाइए, साँझ तक उड़ जाएगा. गंध पानी में टिकता नहीं. टिकता तो हम इसी की चाय बेचते?"

मी एक बाटली भरली, झाकण सैलसर लावलं, उन्हात गाडीच्या टपावरच्या कॅरियरला बांधून ठेवली. मला लोकांच्या सांगण्यापेक्षा बाटली बरी वाटते.

मग थर्मामीटर काढलं. एका झऱ्याच्या तोंडाशी दोन बायका फडक्यात तांदूळ बांधून सोडत होत्या. तिथे मी दोरीने थर्मामीटर सोडलं. पारा बघता बघता नव्वदच्या वर गेला आणि मी घाईने ओढून घेतलं, रजिस्टरातलं असल्यामुळे. म्हणजे भाताची गोष्ट खरी होती. तिथून पाणी दगडी नालीतून लांबवर खेळवलं होतं आणि खाली दोन टाक्या होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. गार्डसाहेब नालीच्या शेवटी बसून चूळ भरायला आणि कॅन विसळायला लागले.

"ए गार्डबाबू!" बायकांच्या टाकीवरून कोणीतरी ओरडलं. "फिर नाली में कुल्ला कर रहे हो? उधर से भरो, उधर से!"

साठीची बाई होती, हिरव्या लुगड्याची, हातात लांब झाडू. टाकी झाडायचं काम तिच्याकडे असावं. तिने गार्डसाहेबांना नावाने नाही तरी हुद्द्याने ओळखलं होतं, आणि रागावली होती ती खऱ्यासारखी. फोन करून पढवून ठेवलेलं माणूस चूळ भरण्यावरून ओरडत नाही. मी तिला हिंदीत विचारलं, हे नेहमी इथूनच भरतात का?

"हर पंद्रह दिन. हम मना करते हैं कि इतनी दूर ले जाके क्या मिलेगा. सुनते नहीं."

मी टाकीत थर्मामीटर धरलं. एकोणचाळीस. नालीच्या टोकाला, जिथे म्हातारी माणसं पाय सोडून बसली होती, तिथे सदतीस. मी दोनदा बघितलं. हे तर अंगाएवढं गरम. मनात आलं, एवढ्याने कुणाला फोड कसे येतील? पाण्यात दुसरं काही तरी असलं पाहिजे. मी बाटल्या भरायला बसले. बनारसमध्ये तपासून घ्यायच्या होत्या.

तेवढ्यात एक मुलगा आपल्या आईला धरून टाकीकडे घेऊन आला. झाडूवाल्या बाईने झाडू आडवा घातला.

"सुगर है?"

"है, थोड़ा-सा."

"थोड़ा-बहुत हम नहीं जानते. टाँकी में नहीं. नाली पे बिठाओ, और पहले तुम अपनी कोहनी डालो. माँ से मत पूछना गरम है कि नहीं."

"क्यों?" मुलाने विचारलं.

"सुगर वाले के गोड़ को," ती स्वतःच्या पायावर झाडू टेकवत म्हणाली, "पता नहीं चलता, बाबू. खाल पक जाती है और वो बैठे-बैठे कहते हैं, अभी ठंडा है. हमने देखा है. बाद में गोड़ काला पड़ता है."

मी बाटली नालीत धरून बसले होते. ती भरून वाहायला लागली तरी मी धरूनच होते. *झालं का गरम? कोमटच आहे गं.* दोन महिने, रोज सकाळी.

परतीच्या वाटेवर मी गार्डसाहेबांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं मी अजून रागावले आहे. रेणुकूटला त्यांनी मला न विचारता चहा आणून दिला. टपावरची बाटली मी तिथे उघडून हुंगली. वास गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत कळवलं की उशिरा येईन. आत्या आत झोपल्या होत्या. मी गार्डसाहेबांच्या कॅनमधलं पाणी रोजच्यासारखं दोन पातेल्यांत, रोजच्याएवढा वेळ तापवलं. टबात आधी पहिलं ओतलं, मग दुसरं. थर्मामीटर घातलं. अठ्ठावन्न. मग हात घातला. एक सेकंदही ठेवता आला नाही.

नवरा दारात उभा राहून बघत होता. तो फिजिक्सचा माणूस, त्याला आकडा पुरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पाण्यात खोट निघाली असं सांग. आत्याने स्वतःच शब्द दिलाय, खोट निघाली तर विचार करीन म्हणून. आज दुपारी हॉस्पिटलात असेल ती."

मी विचार केला. चहाचं आधण उकळेपर्यंत केला. वाईट सल्ला नव्हता. आत्यांचा पाय वाचला असता आणि दोष गार्डसाहेबांवर गेला असता, ज्यांच्यावर मी तो आधीच टाकलेला होता. नवीन काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. पण गार्डसाहेब राहतात समोरच्या घरात. ते येऊन आत्यांपुढे पोटतिडकीने बोलणार, आत्या त्यांची उलटतपासणी घेणार, मग माझी. त्या परीक्षेत मी पास होईन अशी माझी खात्री नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्याची सही करता येत नाही.

मी आत जाऊन आत्यांच्या पायाशी बसले. त्या जाग्या होत्या.

"बघितलंस कुंड?"

"बघितलं."

"मग? खोटं आहे पाणी?"

"खरं आहे. गार्डसाहेब तिथूनच आणतात. पाण्यात काही नाही."

त्यांनी डोळे मिटले. "म्हटलं होतं मी. कर्म माझं."

"तुमचं नाही," मी म्हटलं. "माझं. तिथे लोक पाय बुडवतात ते पाणी अंगाएवढंच गरम असतं. मी तुम्हाला जवळजवळ दीडपट तापवून देत होते. तुमच्या पायांना साखरेमुळे कळत नाही, म्हणून तुम्ही कोमट म्हणायचात, आणि मी आणखी ओतायची. मी एकदाही हात घालून बघितला नाही. तुमचं सोवळं होतं म्हणून नाही, मला बँकेची घाई होती म्हणून."

हे शेवटचं पूर्ण खरं नव्हतं. सोवळंही होतं. पण वाटणी करत बसायची ती वेळ नव्हती.

आत्या उठून बसल्या. चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं, उत्तरपत्रिकेवर खाडाखोड दिसली की बघायच्या तसं.

"तू मला न्यायला म्हणून हे रचत नाहीस ना?"

"नाही."

"शपथ?"

"टबात पाणी आहे अजून. मी ताज्या अंघोळीची आहे. चला, तुमच्यासमोर हात घालते."

त्यांनी खरोखर घालायला लावला. नवऱ्याला टब उचलून आणायला सांगितलं. तोवर पाणी थोडं निवलं होतं तरी माझा हात मनगटापर्यंत लाल झाला. त्यांनी तो हात धरून बाजू उलटून पालटून बघितला. मग स्वतःचा उजवा हात पाण्यात बुडवला आणि झटकन बाहेर काढला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे तू शिजवलास माझा पाय?"

"हो."

"दोन महिने?"

"हो."

"आणि त्या गार्डाला दोन आठवडे शिव्या घालत होतीस?"

"हो."

नवरा टब उचलू की ठेवू असा वाकून उभा. मग आत्या म्हणाल्या, "प्रारब्ध असतं तर मी भोगलं असतं. तुझी चूक मी कशाला भोगू? काढ माझं पांढरं लुगडं. पण मुक्काम नाही करायचा. रोज न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणायचं, तू स्वतः. रजा घे."

"संकल्पाचं काय?" नवऱ्याने विचारलं. त्याने विचारायला नको होतं.

"ते माझं मी बघीन. तू खुर्ची आण."

खुर्चीत बसवून त्यांना गल्लीतून मैदागिनपर्यंत न्यायला दोन माणसं लागली. त्यातले एक गार्डसाहेब. मी त्यांना सकाळची सगळी हकिगत जिन्यातच, घाईघाईत सांगितली. ते एवढंच म्हणाले, "चलिए, पानी तो असली निकला," आणि खुर्चीची मागची बाजू उचलली. त्यांनी मला माफ केलं की ती त्यांची तऱ्हा होती, मला अजून कळलेलं नाही.

पुढे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, केली. आत्या माझ्या शेजारी, पाय समोरच्या सीटवर उशीवर. गोदौलिया, सोनारपुरा, भदैनी. अकरा वर्षांत त्या इतक्या दक्षिणेला आल्या नव्हत्या. आधी दुकानांच्या पाट्या वाचत होत्या, पुढे त्यांनी माझं मनगट धरलं, सकाळचं लाल झालेलं. मला दुखलं, पण मी हात काढून घेतला नाही.

"असी आली की सांग," त्या म्हणाल्या. "मला दिसायला हवी."

"सांगते."

टोटो एका अरुंद पुलावरून गेली. खाली काळं पाणी, प्लास्टिक, दोन डुकरं. मी सांगणार होते तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला, टोटोवाल्याने करकचून ब्रेक दाबला, मी आत्यांचा पाय सावरायला वाकले. वर बघितलं तर पूल मागे राहिला होता.

"आली का?"

"गेली," मी म्हटलं. "तो आत्ताचा पूल."

"तो?" त्यांनी मान वळवून मागे बघितलं. "तो नाला?"

"तोच."

"तू मला फसवत नाहीस ना?"

"टोटोवाल्याला विचारा."

त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "हाँ माताजी, यही असी है." त्या माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या, आम्ही दोघांनी संगनमत केलंय की काय अशा नजरेने. मग त्यांनी माझं मनगट सोडलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हॉस्पिटलात आधी नंबर लावावा लागेल ना? मग याला जरा जोरात चालव म्हणावं."